बॉक्स बदलणार नाही

टीव्हीवर चित्र येईनासं झालं आणि कंपनीचा माणूस दारात चप्पल काढता काढताच "बॉक्स बदलावा लागेल" म्हणाला, तर त्याला चहा देऊ नका. आधी गच्चीवर पाठवा. हे मी त्याच धंद्यात उभी हयात काढलेला माणूस म्हणून सांगतो आहे. ज्या कंपनीनं यंदा 'आता आपल्या सेवेची गरज नाही' असं मला मोबाइलवर कळवलं, तिच्या नाकावर टिच्चून सांगतो आहे.

मी झाशीचा. आमचे पूर्वज पेशव्यांच्या काळात फौजेबरोबर इकडे आले, आणि परत जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडण जुंपलं की बुंदेली, अशी आमची वाटणी. नाव दिनकर, पण सीपरी बाजारात ते कुणाला ठाऊक नाही. तिथे मी 'छतरी वाले भैया'. छत्री म्हणजे गच्चीवरची ती गोल थाळी. तिच्या तोंडाशी एक लहानसा डोळा असतो, तो आकाशातून येणारं चित्र पकडतो, तिथून एक तार खाली घरात येते, आणि तारेच्या टोकाला टीव्हीखालचा बॉक्स. माझा सगळा धंदा एवढाच. बिघाड बहुतेक वर असतो आणि शिव्या मात्र खालच्या बॉक्सला बसतात.

गरौठ्याच्या एका अडत्याचं सांगतो. होळी झाली की दरवर्षी त्याचं चित्र तुटायला लागायचं. माझ्या आधीच्या माणसानं दोनदा बॉक्स बदलून दिला होता. मी शिडी मागितली. वर पाहतो तर छत्रीसमोर कडुनिंब, नव्या पालवीनं नुसता डवरलेला. मी खाली येऊन झाडाकडे बोट दाखवलं. अडत्या म्हणाला, "काय भैया, नीम तो पैलें सें हतो."

"था," मी म्हटलं, "पर इतना नहीं था."

झाड तोडायचं नाव काढायची सोय नव्हती. त्याची आई रोज त्याला पाणी घालत असे. मग मी छत्रीच उचलून गोठ्याच्या छपरावर बसवली. कंपनीच्या हिशेबात हा सगळा वेळ वाया गेलेला. बॉक्स बदलला असता तर मोबाइलवरचं काम लगेच 'पूर्ण' झालं असतं आणि पुढच्या होळीला पुन्हा उघडलं असतं. कंपनीला पूर्ण झालेली कामं मोजता येतात, न आलेल्या तक्रारी मोजता येत नाहीत. माझं आणि तिचं कधी जमलं नाही ते इथेच.

आता रेकॉर्डरबद्दल. रेकॉर्ड करणारा बॉक्स ही वेगळीच जात. त्याच्या पोटात एक तबकडी सतत फिरत असते. कार्यक्रम तो साठवून ठेवतो, चालू कार्यक्रम मध्येच थांबवतो, मागे नेतो. नवा आला तेव्हा लोक त्याच्यावर खूश होते. मग एकत्र संसार सुरू झाला. रिमोटचं बटण दाबावं तर हा ढिम्म. पुन्हा दाबावं, तर दोन्ही हुकूम एकदम पाळून भलतीकडेच जाऊन बसणार. ऐन वेळेला आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होणार आणि पडद्यावर लिहिणार, 'कृपया प्रतीक्षा करें'. कार्यक्रम लांबला तर याला पत्ता नाही. ठरलेली वेळ झाली की रेकॉर्डिंग कापून मोकळा.

या शेवटच्या गुणापायी माझी तांबेसाहेबांशी गाठ पडली.

तांबेसाहेब मूळचे भुसावळचे, रेल्वेत गार्ड. झाशीला बदली झाली आणि निवृत्तीनंतरही ते आणि काकू इथेच राहिले. जन्मभर गाडी मिनिटाच्या हिशेबात हाकलेला माणूस. त्यांनी क्रिकेटचा सामना रेकॉर्डला लावला, सामना लांबला आणि बॉक्सनं शेवटचं षटक खाल्लं. मी गेलो तेव्हा ते दारातच उभे होते.

"अहो छत्रीवाले, हे धूड उचला आणि घेऊन जा. आम्ही अशी गाडी सोडली असती तर घरी बसवलं असतं आम्हाला."

मी त्यांना वेळ वाढवून कशी लावायची ते शिकवलं. त्यांनी शिकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात दुसरी तक्रार केली. मग तिसरी. दर वेळी सुरुवात तीच, 'हे धूड उचला'. तबकडीतल्या जागेवरून नवराबायकोची जुंपायची ती वेगळीच. एका मराठी वाहिनीवर दुपारी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागत असे. त्यातल्या बाई फार सावकाश आणि स्वच्छ बोलायच्या. काकू तो रोज साठवायच्या आणि जागा संपली की साहेबांचा एखादा सामना पुसायच्या. "हरलेलाच पुसला," असं वर सांगायच्या.

एका जानेवारीत साहेबांची तक्रार आली की रेकॉर्डिंग निम्म्यातच बंद पडतंय. मी गच्ची पाहिली, तार पाहिली, सगळं ठीक. साहेब दूध आणायला गेले होते. मी काकूंना म्हटलं, "जरा या टीव्हीखालच्या फडताळाचं दार उघडता का, मागून बघतो." काकू हसायला लागल्या. फडताळ हा शब्द त्यांनी आजीनंतर माझ्याच तोंडून ऐकला म्हणे. हसता हसता त्यांनी दार उघडलं. आत बॉक्सवर शालीत गुंडाळलेलं पातेलं.

"हे काय, काकू?"

"विरजण," त्या हळूच म्हणाल्या. "झाशीच्या थंडीत दही लागतच नाही हो. हा मेला कायम गरम असतो. यांना सांगू नका."

नाही सांगितलं. साहेबांना म्हटलं, हवा मिळत नव्हती. ते खोटंही नव्हतं. काकूंना मात्र चांगलं बजावलं की या बॉक्सवर पुन्हा काहीही ठेवायचं नाही, विणलेला रुमालसुद्धा नाही. आणि इतकं छान कवडीचं दही मी दुसरीकडे खाल्लेलं नाही, हेही कबूल केलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हात-पाय हळूहळू थोडे परत आले, वाचा आली नाही. समजायचं सगळं, बोलायला जावं तर ओठ हलायचे आणि शब्द नाही. मी भेटायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॉक्सकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला फार वाईट वाटलं. 'हे धूड उचला' एवढं तरी त्यांनी म्हणायला हवं होतं.

डॉक्टरांनी वाचेचे व्यायाम करून घेणारा एक माणूस सुचवला होता. भला होता, मन लावून शिकवायचा, पण हिंदीत. साहेबांनी सगळी नोकरी हिंदीत केली, तरी आता हिंदी समोर आली की ते नुसते बघत राहत. काकू मराठीत बोलत, त्यालाही उत्तर नाही.

मग एका दुपारी काकूंनी जुन्यापैकी एक स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला होता. कुकरची शिट्टी झाली म्हणून त्यांनी पॉजचं बटण दाबलं आणि उठल्या. पडद्यावरच्या बाई "चवीनुसार" म्हणून थांबल्या. मागून खुर्चीतून आवाज आला, "मीठ."

काकू मला हे सांगताना उभ्या राहिल्या होत्या. "दिनकरभैया, मी गॅस बंद करायचा विसरले. भात लागला. लागू दे म्हटलं."

तेव्हापासून त्या घरात रोज दुपारी शाळा भरू लागली. बाई म्हणायच्या, "मोहरी तडतडली की त्यात घाला", काकू थांबवायच्या आणि साहेब म्हणायचे, "हिंग." सोपं नव्हतं. कधी पाच-पाच मिनिटं काही येत नसे, कपाळावर घाम यायचा, डावा हात खुर्चीवर आपटायचा. पण यायचं. बॉक्स हुकूम उशिरा पाळतो, म्हणून काकूंना शब्दाच्या जरा आधीच बटण दाबावं लागे आणि तो अंदाज त्यांना अचूक जमला होता. ज्या खोडीपायी मी या बॉक्सला जन्मभर शिव्या दिल्या, तिच्याशी या बाईनं जुळवून घेतलं होतं.

एक अडचण होती. साहेब फक्त बाईंचं वाक्य पुरं करायचे. स्वतःचं असं एकही वाक्य अजून बोलले नव्हते.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर उतरवून घ्यायचं. आम्ही करून पाहिलं. झटक्यानंतर साहेबांना उजवीकडचं नीट दिसत नसे, मोबाइलचा लहान पडदा पुढे धरला की ते तोंड फिरवायचे. तो कार्यक्रम कधीच बंद झाला होता, इंटरनेटवर शोधला तर मिळाला नाही. जे होतं ते त्या बॉक्सच्या पोटात. इथे धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. रेकॉर्ड केलेलं त्याच बॉक्सवर चालतं, दुसऱ्यावर नाही. आणि कंपनीनं बॉक्समधलं जोडणीचं कार्ड बंद केलं, की आत सगळं असूनही पडदा कोरा. तुम्ही साठवलेलं तुमचं नसतं.

पुढच्या थंडीत बॉक्सनं मान टाकली. सकाळी वीज जायची, तेवढ्यात बॉक्स गार पडायचा आणि वीज आली तरी चालूच व्हायचा नाही. काकूंचा फोन आला. मी जाऊन पाहिलं. तबकडी ठीक होती, पण वीज पुरवणाऱ्या भागातले कपॅसिटर म्हातारे झाले होते. म्हातारे कपॅसिटर गारठ्यात काम करत नाहीत, ऊब मिळाली की करतात. नवे आणायला बाजार उघडायला हवा होता, आणि खुर्चीत साहेब कोऱ्या पडद्याकडे बघत बसले होते.

"काकू," मी म्हटलं, "दूध तापवा. पातेलं शालीत गुंडाळा आणि ठेवा बॉक्सवर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच डोक्यावर पातेलं ठेवायला सांगितलंय. पण ठेवलं. चहा पिऊन होईपर्यंत बॉक्सचा दिवा लागला. काकू पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आणि मला ओरडला होतात." खुर्चीतून साहेब पातेल्याकडे बघत होते. विरजणाचं गुपित त्या दिवशी फुटलं.

दुपारी मी सीपरी बाजारातून कपॅसिटर आणले, बॉक्सचं सील फोडलं आणि बदलले. सील फोडू नये असा नियम आहे. मी फोडलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडीन.

त्यानंतर कंपनीचा हुकूम आला. रेकॉर्डरवाले सगळे जुने बॉक्स परत घ्यायचे, बदल्यात नवा छोटा बॉक्स फुकट. मुदतीनंतर जुनी कार्डं बंद. माझ्या वाट्याच्या कामांत तांबेसाहेबांचं नाव होतं. मी सुपरवायजर सक्सेनाजींना सगळी हकीकत सांगितली. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही मानेवर कुणी बसलेलं होतं.

"दिनकर जी, बॉक्स ले आइए. नहीं तो आप ही का नाम कटेगा."

मी नियम वाचून काढले. वाचायची सवय कंपनीला नसली तरी मला होती. त्यात एक फट सापडली. ग्राहक नकार देऊ शकतो. मग कार्ड बंद न करता बॉक्स चालेल तोवर चालू द्यायचा, फक्त दुरुस्ती मिळणार नाही. दुरुस्ती कुणाला हवी होती, ती मी करणारच होतो. पण नकार खातेदारानं स्वतः फोनवर द्यायचा. आणि खातं साहेबांच्या नावावर.

काकूंच्या नावावर करून घ्यावं म्हटलं, तर नाव बदललं की जोडणी नवी, आणि नव्या जोडणीला बॉक्स नवा. काकू म्हणाल्या, "नाव बदलायचंच नाही. ते आहेत ना घरात." मग म्हणाल्या, "मी शिकवते त्यांना."

आठवडाभर त्या शिकवत राहिल्या. पॉजऐवजी स्वतःच थांबायच्या. "बॉक्स बदलायचा का? नको. म्हणा, नको." साहेबांकडून एक 'नको' निघाला आणि पुढच्या दिवशी पुन्हा गेला. मुदतीच्या अखेरच्या दिवशी मी गेलो तेव्हा माझ्या पिशवीत नवा बॉक्स होता. काकूंनी तो पाहिला आणि टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, उंची पुरती पाच फूट नाही, पण मला ओलांडून जायची हिंमत झाली नसती.

"काढणार नाही हो," मी म्हटलं. "पण फोन लावावा लागेल."

मोबाइलवर 'ग्राहकाचा नकार' दाबलं. लगेच साहेबांच्या नंबरवर फोन आला. मी स्पीकर लावून तो त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. आधी एक यंत्र म्हणालं की हे बोलणं रेकॉर्ड केलं जात आहे. कंपनीच्या रेकॉर्डिंगचा शेवट कधी कापला जात नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. मग एका मुलीचा आवाज आला. गोड होता.

"नमस्कार, क्या मेरी बात गजानन तांबे जी से हो रही है?"

साहेबांचे ओठ हलले. काही नाही.

"सर, आपकी आवाज़ नहीं आ रही."

काकू म्हणाल्या, "बेटा, वो बीमार हैं, मैं उनकी पत्नी बोल रही हूँ. हमें बॉक्स नहीं बदलना."

"मैडम, मैं समझ रही हूँ, लेकिन खाताधारक को ही बोलना होगा. सर, क्या आप बॉक्स बदलवाना चाहते हैं?"

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, स्वतःचेच ओठ हलवत. साहेबांच्या कपाळावर घाम आला. आणि शब्द आला, "नको."

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सर, मैं समझ नहीं पाई. हिंदी या अंग्रेज़ी में बता दीजिए. हाँ या ना."

त्या क्षणी मला त्या मुलीचा राग आला नाही. ती दूर कुठेतरी कानाला यंत्र लावून बसली होती, तिच्याही पडद्यावर हो आणि नाही असे दोनच चौकोन असणार. राग आला तो ज्यांनी तसले दोन चौकोन आखले त्यांचा. एका माणसानं महिनोन्महिने घाम गाळून मिळवलेला शब्द त्यांच्या कुठल्याच चौकोनात बसत नव्हता. मी फोन उचलून चार शब्द सुनावणार होतो. तेवढ्यात साहेबांनी डावा हात वर केला. प्लॅटफॉर्मवर गाडी रोखायला गार्ड करतो तसा. मी थांबलो, काकूही थांबल्या.

"नहीं," साहेब म्हणाले. मग श्वास घेतला. "नहीं देंगे. हमारा है."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग ती मुलगी म्हणाली, "जी सर. दर्ज कर लिया." आणि जरा थांबून, नियमात नसलेलं, "अपना ध्यान रखिएगा."

फोन बंद झाला. मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काकू मात्र कमरेवर हात ठेवून साहेबांपुढे उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते आणि तोंड चालू होतं.

"वर्षभर मी मराठी घोटून घेतली. घसा बसला माझा. आणि पहिलं धड वाक्य बोललात ते कुणाशी? त्या फोनवालीशी. तेही हिंदीत."

सक्सेनाजींनी सांगितल्याप्रमाणे माझं नाव कापलं गेलं, लगेच नाही, पण कापलं गेलं. मी आता सीपरी बाजारात छोटं दुकान टाकलं आहे. कंपन्यांनी मेलेले ठरवलेले बॉक्स लोक माझ्याकडे आणतात. सगळे जगत नाहीत. जे जगतात ते मी त्यांच्या घरी परत पाठवतो आणि सील फोडल्याची खूण मुद्दाम ठेवतो. एका गोष्टीची खंत आहे. गच्चीवर जाऊन आधी आकाश बघणारी माणसं आता या धंद्यात उरली नाहीत.

पण त्या फोननंतरच्या दुपारचं सांगायचं अजून संपलेलं नाही. काकूंची चिडचिड चालूच होती. त्यांनी रिमोट उचलला, नेहमीचा कार्यक्रम लावला. "चला, आता मराठी," म्हणाल्या. पडद्यावर बाई सावकाश बोलत होत्या, कढईत काहीतरी परतत होत्या. काकूंनी नेहमीप्रमाणे शब्दाच्या जरा आधी बटण दाबलं. बॉक्सनं नेहमीप्रमाणे उशीर केला आणि बरोबर जागेवर थांबला.

"चवीनुसार..."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. अर्धं तोंड हलत नव्हतं, उरलेल्या अर्ध्यात हसू होतं.

"साखर," ते म्हणाले.

"मीठ," काकू म्हणाल्या. "नीट बोला."

"साखर," साहेब म्हणाले, आणि खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटून पुन्हा म्हणाले, "साखर."